जाळं न विणणारा राखणदार

धान फुटव्यावर आलं की आंबागडच्या पायथ्याशी एखाद्या बांधीच्या धुऱ्यावर उकिडवं बसायचं आणि एकाच चुडावर नजर ठेवायची. वर डोंगरावर गोंड राजा बख्त बुलंद शहाच्या अमलात, १७००च्या सुमारास बांधलेला किल्ला. इथे पात्यावर बोटाच्या पेराहून लहान लिंक्स कोळी, ऑक्सिओपिस जावानस. मागे निमुळतं पोट, त्याच्या कडांना तिरपे पांढरे पट्टे, पायांवर ताठ काटे. आठांपैकी सहा डोळे षटकोनात, उरलेले दोन बारीक, पुढच्या बाजूला.

खोडकिडीची पिवळसर मादी शेजारच्या पात्यावर येऊन बसली. पंखांवर एकेक काळा ठिपका. कोळी वळला, दोन पावलं सरकला, थांबला. मग एकदम उडी. पुढचे पाय मुडपताच काट्यांचं टोपलं झालं आणि पतंग आत अडकला. नेम चुकला असता तरी कोळी पाण्यात पडला नसता. पात्याला लावलेल्या धाग्यावरून तो परत वर चढतो.

दिवसाला असे दोन-तीन पतंग तो खातो. अंडी घालायच्या आत मादी संपली, तर खोड पोखरणाऱ्या अळ्या नाहीत आणि पांढऱ्या पोचट लोंब्याही नाहीत. खाली पाण्यालगत लांडगा कोळी फिरतो, वरची पाती लिंक्सकडे. लिंक्सची मादी पात्यावर चिकटवलेल्या आपल्या अंड्यांपाशी ठाण मांडून बसते.

जाळं नसल्यामुळे हा राखणदार सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. चार तुडतुडे दिसले की पंप पाठीवर चढतो. फवारणीत कोळी मरतात. पर्णकोषात खुपसलेली तुडतुड्यांची अंडी वाचतात. ती फुटतात तेव्हा खाणारं कुणी उरलेलं नसतं, म्हणून तुडतुडा आधीपेक्षा जास्त माजतो. याच अनुभवानंतर इंडोनेशियाने १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

रोवणीनंतर लगेच लिंक्स बांधीत दिसत नाही. त्याला कोरडी जागा आवडते. पाती एकमेकांना भिडल्यावर तो धानात उतरतो. तोवर त्याला आसरा हवा, आणि धुऱ्यावरचं गवत तो देऊ शकतं. तेव्हा चुडागणिक तुडतुडे मोजताना कोळीही मोजावेत, आणि धुरा तणनाशकाने साफ करण्याआधी त्या गवतात कोण राहतं ते एकदा वाकून बघावं.