डोंगराकडची सकाळ

शहरात राहणाऱ्या माणसाला खेड्यातील सकाळ फार आवडते. ती दुरून पाहावयाची असली म्हणजे तर अधिकच. कोंबडा आरवतो, चुलीचा धूर कौलांतून हळूहळू वर चढतो, गुरांच्या गळ्यातील घंटा किणकिणतात आणि कोणालाच कसली घाई नसते, असे एक चित्र आपण मनात जपून ठेवलेले असते. हे चित्र खोटे नव्हे, परंतु ते वर्षातील काही महिन्यांचेच आहे. उरलेल्या महिन्यांत तेथील सकाळ कशी असते, हे पाहिल्यावाचून साध्या राहणीचे गोडवे गाणे बरे नव्हे.

सुरत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कापडाचे माग आणि हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने येतात. पण त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस मांडवी आणि उमरपाडा हे डोंगराळ, रानाचे तालुके आहेत. त्यांच्या पलीकडील व्यारा, सोनगढ आणि उच्छल हे तालुकेही पूर्वी सुरतेतच मोडत. २ ऑक्टोबर २००७ रोजी त्यांचा निराळा तापी जिल्हा झाला. सुरतेहून भुसावळकडे जाणारी आगगाडी बारडोली, मढी, व्यारा अशी स्थानके घेत नवापूरला येते, आणि तेथे गुजरात व महाराष्ट्र यांची सीमा स्थानकाच्या आवारातूनच गेली आहे. ही सीमा १ मे १९६० रोजी आखली गेली. माणसे मात्र दोन्हीकडे तीच राहिली. अलीकडे ज्यांना गावित म्हणतात, त्यांनाच पलीकडे गामीत म्हणतात. वसावा मंडळींची घरे तर दोन्ही राज्यांत आहेत. तेव्हा ही हकीकत परक्या मुलुखाची आहे, असे आपणांस म्हणता येणार नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत चौधरी, गामीत किंवा वसावा कुटुंबाची सकाळ खरोखरच संथ असते. कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या, छपराला सागाच्या खांबांचा आधार. जुन्या पद्धतीच्या घरांत गुरांची जागाही त्याच छपराखाली. उजाडता उजाडता घरची बाई शेण काढते, अंगण झाडते, हातपंपावरून पाणी आणते. चुलीवर बिनदुधाचा चहा उकळतो. म्हातारे माणूस दाराशी बसून बांबूच्या कामट्या तासत असते. मग भाकरी होते, आणि मंडळी भाताच्या किंवा तुरीच्या शेताकडे निघतात.

या संथपणाला आळस म्हणणारे लोक पूर्वीही होते आणि आजही आहेत. त्यांनी चैत्राच्या सुमारास या रानात जाऊन पाहावे. मोहाची फुले पहाटे गळतात. ऊन चढण्यापूर्वी ती वेचली नाहीत, तर गुरे आणि रानातील जनावरे ती खाऊन टाकतात. म्हणून अंधार असतानाच टोपल्या घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे झाडाखाली जातात. तेथे घड्याळाची घाई नाही, पण वेळेचे भान पक्के आहे. ऊन, पाऊस, गुरे आणि झाडे यांच्या वेळा ज्याने ओळखल्या, त्याला धावपळ करावी लागत नाही, इतकेच.

पण दिवाळी सरली की यांपैकी अनेक गावांतील घरांना कडी लागते. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि काही मुले. कर्ती माणसे बारडोली, मढी, चलथाण येथील साखर कारखान्यांच्या उसाकडे जातात. नंदुरबार, धुळे आणि डांग येथूनही माणसांचे लोंढे तिकडेच वळतात.

हे असे का व्हावे? तापी नदीवर काकरापार येथे १९५० च्या दशकात बंधारा झाला आणि १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले. धरणाच्या जलाशयाखाली शंभराहून अधिक गावे गेली; त्यांतील बहुतेक कुटुंबे आदिवासी होती. कालव्यांचे पाणी खालच्या सपाट काळ्या जमिनीला मिळाले आणि तेथे ऊस उभा राहिला. वर डोंगराकडे शेती पावसाच्या एकाच पिकावर राहिली. ते पीक काही महिन्यांत संपते. पाणी खाली गेले, आणि पोटासाठी माणसांनाही पाण्यामागे खाली जावे लागले.

उसाच्या फडावरील सकाळ पाहिली म्हणजे मघाचे चित्र पार पुसले जाते. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती अंगमेहनतीने फेडावयाची असते. कारखान्याच्या हिशेबी नवरा आणि बायको ही दोन माणसे नसून दोघे मिळून एक ‘कोयता’ असतात. उघड्या माळावर प्लास्टिकच्या कापडाची पाले ठोकून पडाव पडतो. बाई पहाटे तीन-चार वाजता उठून दिवसभराच्या भाकऱ्या थापते, कारण उजाडताच तोडणी सुरू व्हावयाची असते. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधावयाच्या आणि वाहन येईल तेव्हा, मग ती मध्यरात्र का असेना, त्या चढवावयाच्या. तान्हे मूल बांधावर असते. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेतील मजुरांचा अभ्यास केला आणि या ऊसतोड्यांचे जिणे जगापुढे मांडले.

साधी राहणी दोन प्रकारची असते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. याच भागात वेडछी येथे १९२० च्या दशकात गांधीविचाराचा आश्रम उभा राहिला. जुगतराम दवे यांनी आयुष्याची अनेक दशके तेथे आदिवासी मुलांच्या शिक्षणात घालविली. महादेवभाई देसाईंचे चिरंजीव नारायणभाई यांनीही तेच गाव आपले मानले. त्यांची राहणी साधी होती. परंतु ती त्यांनी निवडली होती. पडावावरच्या बाईच्या पालातही चार भांडी आणि एक गोधडीच असते. तिला मात्र ती निवडण्याची मुभा कोणी दिली नव्हती. या दोन साधेपणांना एकच नाव देणे अन्यायाचे होईल.

मग तिची संथ सकाळ तिला वर्षभर कशाने मिळेल? उत्तर मोठे गहन नाही. ज्या घराला विहीर किंवा शेततळे लाभते, तेथे हिवाळ्यात दुसरे पीक निघते. ज्या घरी दुभते जनावर आहे, तेथे बाई सकाळी दुधाची बरणी घेऊन गावच्या दूध मंडळीत जाते, आणि तेथे स्निग्धांश पाहून दुधाचा भाव लागतो. सुरतेचा ‘सुमुल’ हा सहकारी दूधसंघ १९५१ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे जाळे या आदिवासी गावांपर्यंत पोहोचले आहे. दुधाचे पैसे थोडे असतील. पण ते नियमाने येतात, आणि नियमाने येणारा पैसाच माणसाला मुकादमाची उचल नाकारण्याचे बळ देतो. ज्यांना तरीही जाणे भाग पडते, त्यांच्या मुलांसाठी दोन्ही राज्यांत हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती वेळेवर उघडली, तर निदान मुलाची शाळा तरी सुटत नाही.

वाचकहो, खेड्यातील शांत सकाळ आपणांस प्रिय असेल, तर ती असावीच. मात्र ती पाहावयास जाल तेव्हा कडी लावलेली घरेही मोजा, आणि त्या घरांतील माणसे कोठे गेली आहेत याची विचारपूस करा. आपल्या सकाळच्या चहातील साखर त्यांच्या हातांतून आलेली असण्याचा संभव पुष्कळ आहे. आपल्याच अंगणात, आपल्या मुलांसह, बाराही महिने त्यांचा दिवस उगवावा, एवढे मागणे काही फार मोठे नाही.