एक डेटाबेस, अनेक ग्राहक: चूक झाली तर काय?

गृहनिर्माण सोसायटीचा हिशेब, शाळेची फी, दवाखान्यातल्या अपॉइंटमेंट, लहान कारखान्याचे पगारपत्रक अशी कितीतरी कामे आता महिन्याच्या भाड्यावर मिळणाऱ्या वेब ॲपवर चालतात. लॉगिन केले की आपल्याच सोसायटीचे नाव, आपलेच सभासद आणि आपलीच येणी दिसतात, त्यामुळे ही माहिती कुठेतरी वेगळी, आपल्यापुरती ठेवलेली असावी असे वाटते. प्रत्यक्षात शेकडो सोसायट्यांचे सभासद अनेकदा एकाच डेटाबेसच्या एकाच टेबलात, एकाखाली एक ओळींनी नोंदलेले असतात. प्रत्येक ओळीत ग्राहक क्रमांकाचा एक जादा रकाना असतो आणि ओळ कोणाची आहे हे फक्त त्यावरून ठरते. १९९९ साली स्थापन झालेल्या सेल्सफोर्स या कंपनीने अशा सामायिक व्यवस्थेवर प्रचंड मोठा व्यवसाय उभारला. खर्च वाटला जातो, म्हणूनच लहान संस्थेलाही चांगले सॉफ्टवेअर परवडते. तेव्हा माहिती एकत्र ठेवणे हा दोष नव्हे. खरा प्रश्न असा, की त्या एका रकान्याचा मान राखला जातो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणावर टाकायची?

बहुतेक ठिकाणी ती प्रोग्रामरवर असते. ‘थकबाकी असलेले सभासद दाखव’ अशी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, लिहिताना ‘ज्यांचा ग्राहक क्रमांक अमुक आहे तेवढेच’ ही अट त्याने आठवणीने जोडायची. मोठ्या ॲपमध्ये अशा क्वेरी हजारोंनी असतात. त्या वर्षानुवर्षे वेगवेगळी माणसे लिहितात, कधी रात्री उशिरा, कधी ‘उद्याच हवंय’ अशा घाईत. एका क्वेरीत अट राहून गेली, तर प्रोग्राम बंद पडत नाही, लाल अक्षरांत इशाराही येत नाही. यादी फक्त लांबते आणि तिच्यात परक्या सोसायटीची नावे येतात. प्रोग्रामरच्या स्वतःच्या संगणकावर चाचणीसाठी एकाच ग्राहकाची माहिती असेल, तर तिथे ही चूक दिसणारही नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने २०२१ सालच्या आपल्या यादीत, ज्याला जे पाहण्याचा अधिकार नाही ते त्याला दिसू देणाऱ्या त्रुटींना पहिले स्थान दिले. २०१७ च्या यादीत त्या पाचव्या स्थानी होत्या.

विसरणे हा माणसाचा स्वभाव आहे, तो नियम करून बदलत नाही. म्हणून व्यवस्था उभारताना माणूस विसरणार हे धरूनच चालावे आणि विसरल्यावर काय घडेल ते आधी ठरवावे. अट प्रोग्रामरच्या हाती असेल, तर एका विसराळूपणाने सगळ्यांचे सगळे उघडे पडते. तीच अट डेटाबेसच्या नियमात असेल, तर उलटे घडते. ओरॅकल या कंपनीने आपल्या डेटाबेसमध्ये ही सोय १९९९ च्या सुमारास आणली आणि पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये ती २०१६ च्या जानेवारीपासून आहे. तिचे नाव रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे ओळीनिहाय सुरक्षा. ‘चालू ग्राहकाचा क्रमांक आणि ओळीतला क्रमांक जुळला तरच ओळ दाखव’ हा नियम टेबलालाच एकदा लावून ठेवायचा. मग क्वेरी कोणीही, कशीही लिहो, डेटाबेस ही अट स्वतः जोडतो. चालू ग्राहक कोण हे सांगायचेच राहिले, तर नीट लिहिलेल्या नियमानुसार एकही ओळ मिळत नाही. सुरक्षा चालू केली आणि नियम लिहायचा राहिला, तरी पोस्टग्रेस सामान्य वापरकर्त्याला काहीच दाखवत नाही. रिकामा पडदा दिसला की ग्राहक पाच मिनिटांत तक्रार करतो आणि चूक सापडते. परक्याची माहिती दिसल्यावर मात्र तक्रार येईलच याची खात्री नसते.

यावर पहिला आक्षेप असा, की इतका खटाटोप कशाला, प्रत्येकाला स्वतंत्र डेटाबेस द्यावा. हा आक्षेप वजनदार आहे आणि एप्रिल २०२२ मधली ॲटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीतली घटना त्याला बळ देते. जुने ॲप काढून टाकण्यासाठी चालवलेल्या स्क्रिप्टला ॲपच्या क्रमांकांऐवजी ग्राहकांच्या संपूर्ण साइटचे क्रमांक दिले गेले आणि ७७५ ग्राहकांची सेवा बंद पडली. बॅकअप होते, पण ते जसेच्या तसे परत आणले असते तर इतर ग्राहकांचे नंतरचे काम पुसले गेले असते. त्यामुळे बाधितांची माहिती निवडून काढावी लागली आणि काहींना १४ दिवसांपर्यंत थांबावे लागले. मोठे रुग्णालय किंवा बँक यांनी स्वतंत्र डेटाबेसचा आग्रह जरूर धरावा. पण हजार लहान ग्राहकांसाठी हजार डेटाबेस म्हणजे प्रत्येक बदल हजारदा करणे आणि त्यातला एखादा मागे राहण्याची धास्ती. शिवाय कोणत्या ग्राहकाला कोणत्या डेटाबेसशी जोडायचे हे तिथेही ॲपच ठरवते, म्हणजे चूक होण्याची जागा बदलते, शक्यता संपत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे: डेटाबेसच्या नियमाने खोटी निश्चिंती येते. यात तथ्य आहे. पोस्टग्रेसमध्ये सुपरयूजरला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला, हे नियम लागू होत नाहीत आणि टेबलाच्या मालकालाही, सक्ती केल्याशिवाय, होत नाहीत. ॲप मालकाच्याच खात्याने जोडलेले असेल, तर नियम नुसता कागदावर राहतो. डेटाबेसची एकच जोडणी आळीपाळीने अनेक ग्राहकांसाठी वापरली जाते, त्यामुळे आधीच्या ग्राहकाचा क्रमांक तिच्यात शिल्लक राहू शकतो. आणि माहिती डेटाबेसबाहेर, कॅशमध्ये म्हणजे वेगासाठी ठेवलेल्या तात्पुरत्या साठ्यातही असते. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना इतरांच्या संभाषणांची शीर्षके दिसली. कॅशशी बोलणाऱ्या एका मुक्त लायब्ररीतल्या दोषामुळे एकाचे उत्तर दुसऱ्याला जात होते. नऊ तासांच्या त्या काळात सक्रिय असलेल्या सशुल्क सदस्यांपैकी १.२ टक्के लोकांची नाव, ईमेल, कार्डाचे शेवटचे चार अंक अशी माहिती इतरांना दिसू शकली असती. पण या सगळ्यातून नियम निरुपयोगी ठरत नाही, तो पूर्णपणे लावायला हवा एवढेच ठरते. ॲपला मर्यादित अधिकारांचे खाते द्यावे, ग्राहक क्रमांक एका व्यवहारापुरताच ठेवावा, कॅशमधल्या प्रत्येक नोंदीच्या किल्लीत आणि फाइलींच्या फोल्डरच्या नावात तो घालावा. या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, एकदा करून तपासता येतात. हजारो क्वेरींवर रोज डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणे कोणालाही जमत नाही.

वेग मंदावेल ही भीती ग्राहक क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे ओळी चटकन शोधायची सूची, केली की बहुतांशी दूर होते, कारण ती अट एरवीही क्वेरीत असायलाच हवी होती. चाचण्या पुरेशा आहेत असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की ज्या चुकीची कल्पनाच सुचली नाही तिची चाचणी कोणी लिहीत नाही. चाचण्या हव्यातच, किमान दोन ग्राहकांची माहिती भरून. पण त्या नियमाच्या जोडीला हव्यात, त्याच्या जागी नव्हेत.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड मात्र माहिती फुटल्यानंतरचा असतो. सभासदांचे फोन नंबर, रुग्णांचे आजार, कामगारांचे पगार एकदा परक्याला दिसले की परत झाकता येत नाहीत. म्हणून ॲप निवडणाऱ्या सोसायटीच्या सचिवाने, मुख्याध्यापकाने, डॉक्टरने विक्रेत्याला दरपत्रकाबरोबर दोन प्रश्न विचारावेत: तुमचा प्रोग्रामर अट घालायला विसरला, तर आमची माहिती कोण अडवील? आणि फक्त आमचाच बॅकअप परत आणायला तुम्हाला किती वेळ लागेल? पहिल्याचे उत्तर ‘आमची माणसे विसरत नाहीत’ असे आले, तर ते ॲप घेऊ नये.