कायोटीची साद आणि शिकाऱ्याचे कान

रोडरनर पक्ष्याच्या मागे धावून दर वेळी तोंडघशी पडणारा, कड्यावरून कोसळूनही पुन्हा उभा राहणारा कार्टूनमधला तो हडकुळा प्राणी आपल्याकडच्या मुलांच्याही ओळखीचा आहे. चक जोन्सने १९४९ साली त्याला पडद्यावर आणले. कुणी त्याला लांडगा समजतो, कुणी कोल्हा. तो आहे कायोटी. कार्टूनमध्ये त्याची प्रत्येक युक्ती फसते. प्रत्यक्षात मात्र गेली शंभर-दीडशे वर्षे युक्त्या फसत आल्या आहेत त्या त्याला मारायला निघालेल्या माणसाच्या!

कायोटी हा उत्तर अमेरिकेतला, लांडगा आणि कोल्हा या दोघांचाही भाऊबंद. अंगाने आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड, लांडग्यापेक्षा लहान. वजन साधारण नऊ ते वीस किलो. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे त्याचे नाव आले. थॉमस से या निसर्गअभ्यासकाने १८२३ साली त्याचे शास्त्रीय नाव ठेवले, त्याचा अर्थ 'भुंकणारा कुत्रा'. उंदीर, ससे, फळे, मेलेली जनावरे, काहीही त्याला चालते. संधी मिळाली तर मेंढीचे कोकरूही. मेंढपाळाशी त्याचे वैर जुंपले ते इथे.

थंडीच का?

या प्राण्याची शिकार बहुधा हिवाळ्यात होते. त्याला कारणे आहेत. थंडीत त्याची लव दाट होते आणि कातड्याला मोल येते. बर्फामुळे भक्ष्य दुर्मीळ होते आणि भुकेला कायोटी दुरूनच्या आवाजालाही भुलतो. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्याच्या जोडी जमण्याचा काळ. या दिवसांत आपल्या हद्दीत परक्याचा आवाज आला, की तो चवताळून चौकशीला येतो.

म्हणूनच तिथला शिकारी प्राण्याच्या मागे धावत नाही, त्याला आपल्याकडे बोलावतो. आपल्या वाचकांना हे नवे वाटू नये. कुमाऊँत १९३८ साली ठाकच्या नरभक्षक वाघिणीला जिम कॉर्बेटने वाघाचा आवाज काढूनच जवळ आणले होते. कायोटीसाठी मुख्य आवाज जखमी सशाच्या किंकाळीचा. तो काढायला पातळ पट्टी बसवलेले, आपल्या जत्रेतल्या पिपाणीसारखे साधन तोंडात धरून फुंकतात. टेक्सासमधल्या बर्नहॅम बंधूंनी गेल्या शतकाच्या मध्याला अशा साधनांचा धंदाच उभारला. आता ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारे कर्णेही मिळतात, पण काही राज्यांत त्यांवर निर्बंध आहेत.

वारा हाच पंच

या खेळात पहिला आणि शेवटचा नियम वाऱ्याचा. कायोटी डोळ्यांवर आणि कानांवर विसंबतो, पण खात्री करून घेतो ती नाकाने. सादेच्या जागेला वळसा घालून तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि वास घेतो. माणसाचा वास आला, की संपले. म्हणून वारा तोंडावर किंवा कुशीवर घेऊन बसायचे, आणि ज्या बाजूला आपला वास वाहत जाणार तिथली जमीन नजरेच्या टप्प्यात ठेवायची.

बसायच्या जागेपासून दूर, टेकाडाआड गाडी थांबवायची. दार आपटायचे नाही. माथ्यावरून चालायचे नाही, कारण आभाळाच्या पार्श्वभूमीवर माणूस लगेच दिसतो. सूर्य पाठीशी, अंग झुडपाच्या सावलीत, बर्फ असेल तर पांढरा पेहराव, चेहरा आणि हात झाकलेले. मग पुतळ्यासारखे बसायचे. पहिली साद हलकी, कारण कायोटी जवळच झोपलेला असू शकतो. मग थोडी मोठी, मग काही वेळ शांतता. पंधरा-वीस मिनिटांत कुणी आले नाही तर गुपचूप उठून किलोमीटर-दोन किलोमीटर पुढे सरकायचे. पहाट आणि तिन्हीसांज उत्तम. वादळानंतरची निवांत, कडाक्याची सकाळ त्याहून उत्तम.

हे सगळे साधले तरी बंदूक उचलण्याआधी थांबावे लागते. समोर आहे तो कायोटीच ना? कुणाचा पाळीव कुत्रा, की संरक्षित लांडगा? त्याच्या मागे घर, रस्ता, जनावरे नाहीत ना? जमीनमालकाची परवानगी, राज्याचा परवाना आणि हंगामाचे नियम पाहिलेत ना? घरी कुठे जातो ते सांगितले ना? गोठवणाऱ्या थंडीत हा शेवटचा प्रश्न जीव वाचवतो. घाईत झाडलेली गोळी चुकली, तर तो कायोटी पुढे त्या किंकाळीला सहसा फसत नाही.

मारून संपत का नाही?

एवढे कसब आणि एवढी बंदूक, मग कायोटी उरला कसा? अमेरिकी सरकारने विसाव्या शतकात त्याच्यावर सापळे आणि स्ट्रिकनीनसारखी विषे सोडली. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी केंद्राच्या जमिनींवर विषांना बंदी घातली, पुढे ती सैल झाली. एकट्या २०१८ साली केंद्राच्या वन्यजीव विभागाने सुमारे ६८ हजार कायोटी मारले. तरीही मूळचा पश्चिमेच्या माळांवरचा हा प्राणी आज हवाई वगळता साऱ्या राज्यांत आहे, आणि दक्षिणेस पनामापर्यंत पोहोचला आहे.

याचे उत्तर त्याच्या घरसंसारात आहे. एका हद्दीत सहसा एकच जोडी विणते. ती मारली, की भटके कायोटी जागा भरतात. संख्या घटली, की उरलेल्यांना अन्न अधिक मिळते, माद्या लवकर विणू लागतात, पिल्ले अधिक जगतात. सरसकट मारणे म्हणजे गवत वरून कापण्यासारखे. उलट कोकरांना न छळणारी जोडी मारली गेली, तर तिच्या जागी मेंढीमारू जोडी येण्याचा धोका असतो.

मेंढपाळाचे नुकसान मात्र खोटे नाही. वसंतात विणलेल्या कळपातली कोकरे एकामागून एक नाहीशी होऊ लागली, तर त्याच्या वर्षभराच्या कमाईवर घाला येतो. अशा वेळी नेमक्या उपद्रवी प्राण्याला साद घालून टिपणे समजण्यासारखे आहे. पण बक्षिसांसाठी ढीग रचण्याच्या स्पर्धा वेगळ्या. त्यांना कॅलिफोर्नियाने २०१४ साली आणि व्हरमाँटने २०१८ साली चाप लावला. अनेक मेंढपाळ आता दांडगी राखणदार कुत्री, गाढवे, रात्रीचे बंदिस्त वाडे यांच्याकडे वळले आहेत. रात्री मेंढ्या जाळीत कोंडून कुत्र्यांवर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या धनगराला हे शहाणपण कुणी शिकवावे लागले नव्हते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२चाच. त्यामुळे इथे कोल्ह्याला साद घालून मारण्याचा प्रश्नच येत नाही.

ज्यांची मुलेबाळे शिकागोसारख्या शहरात आहेत, त्यांच्या कानांवर मात्र हा प्राणी येईलच. तिथे स्टॅनली गेर्ट आणि सहकारी २००० सालापासून शहरी कायोटींचा अभ्यास करीत आहेत. ते माणसाला टाळून, बहुतेक रात्रीच वावरतात. अंगणात खरकटे किंवा कुत्र्याचे खाणे ठेवू नये, लहान कुत्र्याला साखळीशिवाय सोडू नये. समोर आलाच तर पळू नये, हात उंचावून मोठ्याने ओरडावे. बहुधा तोच वाट बदलतो. आणि हिवाळ्याच्या रात्री दूरवरून त्याची कोल्हेकुई आली, तर खिडकी थोडी उघडून ऐकावी. दहा-बारा वाटणारे ते आवाज पुष्कळदा दोघांचेच असतात.