बेटावरची सुट्टी आणि विम्यातील फट

२०२० सालच्या दिवाळीनंतर वृत्तपत्रांच्या मनोरंजन पानांवर निळ्याशार पाण्याची छायाचित्रे एकाएकी वाढली होती. चित्रपटसृष्टीतील निम्मी मंडळी मालदीवमध्ये असल्याचा भास व्हावा, असे ते दिवस होते. देश साथीशी झुंजत असताना ही चैन कशासाठी, अशी टीका त्यावर झाली आणि ती अगदीच गैरवाजवी होती असेही म्हणता येणार नाही. पण या गर्दीमागचे कारण साधे होते. भारतीय पर्यटकांना त्या काळात दार उघडणारे देश मोजकेच होते आणि मालदीव त्यांत सर्वांत जवळचा. २०२० मध्ये मालदीवला सुमारे साडेपाच लाख पर्यटक आले आणि त्यात भारतीयांचा क्रमांक पहिला होता. २०२१ मध्ये तर भारतीय पर्यटकांची संख्या २ लाख ९० हजारांच्या वर गेली. त्यात नटनट्या किती असणार? बाकी सारे मुंबई, ठाणे, पुणे, बंगळुरू, दिल्ली येथील नोकरदार आणि व्यावसायिकच होते.

या प्रवाशांच्या बॅगेत दोन कागद हमखास असत. एक आरटी-पीसीआर चाचणीचा अहवाल आणि दुसरा प्रवास विम्याचा. दोन्ही कागद जवळ असले की आपण सुरक्षित, अशी अनेकांची समजूत होती. प्रत्यक्षात हे दोन कागद दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते आणि त्यांच्या मधोमध एक मोठी फट होती. ज्यांच्यावर ती वेळ आली, त्यांनाच ती दिसली.

बेटांनी चाचणीचा एवढा आग्रह का धरला, हे समजण्यासाठी मालदीवच्याही आधी आपल्या लक्षद्वीपकडे पाहावे. भारतात पहिला रुग्ण जानेवारी २०२० मध्ये केरळात आढळला. त्याच केरळच्या किनाऱ्यापासून काही शे किलोमीटरवर असलेल्या लक्षद्वीपमध्ये मात्र जवळजवळ एक वर्षभर एकही रुग्ण नव्हता. बेटांवर जाण्यापूर्वी कोचीत सात दिवस विलगीकरणात राहण्याची सक्ती होती. डिसेंबर २०२० मध्ये ती सैल करून ४८ तासांतील चाचणी अहवाल पुरेसा ठरवण्यात आला आणि १८ जानेवारी २०२१ रोजी तेथे पहिला रुग्ण नोंदवला गेला. बेटाला समुद्राची तटबंदी असते हे खरे. पण तटबंदीच्या आत मोठे रुग्णालय नसते. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने मुख्य भूमीवर हलवावे लागते. त्यामुळे आजार आत येऊ न देणे हाच बेटांचा खरा उपचार असतो.

मालदीवचा प्रश्न याहून अवघड होता. पर्यटन बंद ठेवले तर तेथे चूलच पेटत नाही. २०१९ मध्ये १७ लाखांहून अधिक पर्यटक पाहिलेल्या या देशाने मार्च २०२० मध्ये दारे बंद केली आणि १५ जुलैला पुन्हा उघडली, तीही चाचणीची अट न घालता. सुमारे १२०० बेटांच्या या देशात एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी रचना असल्याने पर्यटक आपोआपच वेगळे राहतील, हा त्यामागचा हिशेब होता. तो पूर्णपणे उतरला नाही. पर्यटक आणि रिसॉर्टचे कर्मचारी यांच्यात रुग्ण आढळू लागले, तेव्हा १० सप्टेंबर २०२० पासून निर्गमनापूर्वी ७२ तासांतील पीसीआर चाचणी अनिवार्य झाली. पुढे ही मुदत ९६ तासांची करण्यात आली.

या तासांनी प्रवाशांचा जितका छळ केला तितका क्वचितच कशाने केला असेल. ७२ तास नेमके कुठून मोजायचे? नमुना दिल्यापासून की अहवाल हाती आल्यापासून? आणि कुठवर? विमान सुटेपर्यंत की उतरेपर्यंत? बहुतेक देश नमुना घेतल्याच्या वेळेपासून पहिल्या विमानाच्या सुटण्यापर्यंत मोजत. हवाई बेटांचा नियम निराळा होता. ऑक्टोबर २०२० पासून तेथे चौदा दिवसांचे विलगीकरण टाळायचे तर प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यापूर्वी ७२ तासांत, आणि तीही सरकारने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच, चाचणी करावी लागे. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल कितीही खरा असला तरी तो चालत नसे. चाचणीचा खर्च मात्र हळूहळू आवाक्यात आला. महाराष्ट्रात जून २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळांतील दर ४५०० वरून २२०० रुपयांवर आणला गेला आणि शासनाने टप्प्याटप्प्याने कमी करत डिसेंबर २०२१ मध्ये तो ३५० रुपयांपर्यंत खाली आणला.

चाचणीने एवढेच सांगितले, की नमुना दिला त्या क्षणी घशात विषाणू सापडला नाही. लागण होऊन दोनच दिवस झालेल्या माणसाचा अहवालही निर्दोष येऊ शकतो. उलट, आजारातून पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाच्या नमुन्यात विषाणूचे अवशेष कित्येक आठवडे सापडू शकतात. म्हणजे जाताना निर्दोष ठरलेला माणूस परतताना बाधित ठरणे ही मुळीच नवलाची गोष्ट नव्हती. आणि परतीची चाचणी टळणारी नव्हती, कारण २२ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून भारताने परदेशातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ७२ तासांतील आरटी-पीसीआर अहवाल 'एअर सुविधा' या संकेतस्थळावर चढवणे सक्तीचे केले होते. अहवाल बाधित आला की विमानात प्रवेश नाही.

समजा, ठाण्याचे एक चौकोनी कुटुंब पाच रात्रींसाठी मालदीवला गेले आहे. चौथ्या दिवशी रिसॉर्टमध्येच नमुने घेतले गेले आणि संध्याकाळी कळले, की आईचा अहवाल बाधित आहे. ताप नाही, खोकला नाही, जेवणही नेहमीसारखे. पण नियमाप्रमाणे तिला दहा ते चौदा दिवस विलगीकरणात राहायचे आहे. मुले लहान, म्हणजे त्यांच्याबरोबर वडील थांबणार आणि निकटच्या संपर्कातले म्हणून तेही खोलीबाहेर पडणार नाहीत. खोलीचे भाडे दिवसाला २५ हजार रुपये धरले तरी दहा दिवसांचे अडीच लाख होतात. शिवाय चौघांची नवी तिकिटे, पुन्हा चाचण्या, बिनपगारी रजा. वडील विश्वासाने विमा कंपनीला फोन लावतात. पॉलिसीत वैद्यकीय खर्चासाठी ५० हजार डॉलरचे संरक्षण आहे, कोविडचा समावेश आहे असे ठळक अक्षरांत छापलेलेही आहे. पलीकडून विचारले जाते, "रुग्णालयात दाखल केले आहे का?"

फट ती हीच. आपल्याकडे ज्याला आजही अनेक जण ओव्हरसीज मेडिक्लेम म्हणतात, तो विमा मुळात आजारपणाचा आहे. डॉक्टरांनी आवश्यक ठरवलेला उपचार, रुग्णालयातील भरती, मायदेशी हलवण्याचा खर्च यांसाठी तो घडवलेला असतो. लक्षणे नसलेला माणूस सरकारी आदेशाने हॉटेलच्या खोलीत बसला, तर वैद्यकीय अर्थाने काहीच घडलेले नसते. पन्नास हजार डॉलरचा आकडा तेथे निरुपयोगी ठरतो. हॉटेलातील विलगीकरणाचा खर्च मिळण्यासाठी पॉलिसीत तसे वेगळे कलम हवे आणि ते असले तरी बहुधा दिवसाला ठरावीक रक्कम आणि ठरावीक दिवस एवढीच त्याची मर्यादा असते. काही रिसॉर्टनी अशा पाहुण्यांना विलगीकरणाचे दिवस मोफत किंवा सवलतीत दिले. पण ती त्यांची व्यापारी उदारता होती, पाहुण्याचा हक्क नव्हे.

विमा कंपन्यांनी हात आखडता का घेतला, याचे उत्तर थायलंडने फार महागात मिळवले. तेथे स्थानिक लोकांसाठी 'सापडला, पैसे दिले, संपले' अशा अर्थाच्या नावाने पॉलिसी विकल्या गेल्या. चाचणी बाधित आली की रुग्णालय, लक्षणे वगैरे काही न विचारता एकरकमी पैसे. लाट ओसरल्यासारखी वाटत होती तोवर धंदा उत्तम चालला. मग २०२१ चा डेल्टा विषाणू आला आणि पाठोपाठ ओमिक्रॉन. दाव्यांच्या पुरात चार कंपन्या बुडाल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये एशिया इन्शुरन्स १९५०, डिसेंबरमध्ये द वन इन्शुरन्स आणि एप्रिल २०२२ मध्ये साउथईस्ट इन्शुरन्स व थाई इन्शुरन्स यांचे परवाने रद्द झाले. केवळ बाधित अहवालावर पैसे देणे विमा व्यवसायाला परवडत नाही, हा धडा यातून मिळाला. पर्यटकाला मात्र नेमके तेच संरक्षण हवे होते.

याच थायलंडने १ जुलै २०२१ पासून 'फुकेत सँडबॉक्स' ही योजना राबवली. दोन्ही लसमात्रा घेतलेल्या परदेशी पर्यटकाने आधी १४ रात्री फुकेत बेटावर काढायच्या, तेथे ठरावीक दिवशी चाचण्या द्यायच्या आणि मग उर्वरित देशात फिरायचे. ऑक्टोबरपासून १४ च्या सात रात्री झाल्या. विम्याची अट होती किमान एक लाख डॉलरची. ती नोव्हेंबर २०२१ मध्ये ५० हजार, मार्च २०२२ मध्ये २० हजार, मे महिन्यात १० हजार डॉलर अशी उतरत गेली आणि १ जुलै २०२२ रोजी संपली. अट आकड्याची असल्याने प्रवाशांनी आकडा पाहून विमा घेतला. पण बाधित ठरलेल्या, धडधाकट पर्यटकाला रुग्णालयाशी संलग्न हॉटेलात, तेथील भाषेत 'हॉस्पिटेल'मध्ये ठेवले गेले, तेव्हा हा उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हता, असे म्हणून काही विमा कंपन्यांनी बिल नाकारले.

काही बेटांनी यावर निराळा मार्ग काढला. घरून आणलेल्या पॉलिसीवर विसंबायचेच नाही, असे त्यांनी ठरवले. श्रीलंकेने २०२१ च्या जानेवारीत पर्यटकांना दारे उघडताना प्रवेशपरवान्याबरोबर स्थानिक कोविड विमा सक्तीचा केला. हप्ता महिन्याला १२ डॉलर आणि संरक्षण ५० हजार डॉलरचे. कॅरिबियन समुद्रातील अरुबाने स्वतःचा अभ्यागत विमा अनिवार्य केला. बहामाजने १ नोव्हेंबर २०२० पासून चाचणी आणि 'आरोग्य व्हिसा' यांची सांगड घातली आणि त्या व्हिसाच्या शुल्कातच विमा समाविष्ट केला. त्यात उपचारांबरोबर विलगीकरणाचा खर्चही धरलेला होता. अनेकांना ही सक्ती म्हणजे खिशाला लावलेली कात्री वाटली. माझ्या मते मात्र ती सर्वांत प्रामाणिक व्यवस्था होती. ज्या सरकारने माणसाला खोलीत कोंडायचा नियम केला, त्याच सरकारने त्या कोंडण्याच्या खर्चाची तजवीज आधी करून ठेवली. मालदीवने विमा सक्तीचा केला नाही. साहजिकच तेथे गेलेल्या भारतीयांपैकी कोणाच्या खिशात काय आहे, हा ज्याच्या त्याच्या एजंटच्या हुशारीचा प्रश्न राहिला.

दुसरी फट सीमा बंद होण्याची. मे २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट शिगेला होती. आयपीएल अर्धवट थांबली आणि ऑस्ट्रेलियाने भारतातून थेट येणाऱ्यांना बंदी घातल्याने त्यांचे खेळाडू मालदीवमध्ये दिवस मोजत बसले. त्याच आठवड्यात, १३ मेपासून, मालदीवने भारतासह दक्षिण आशियातील देशांच्या पर्यटकांना व्हिसा देणे थांबवले. ही बंदी १५ जुलैला उठली. मधल्या दोन महिन्यांसाठी पैसे भरून बसलेल्यांनी प्रवास रद्द झाल्याचा दावा करायला पॉलिसी उघडली, तेव्हा रद्द होण्याची मान्य कारणे दिसली ती अशी: प्रवाशाचे किंवा जवळच्या नातलगाचे गंभीर आजारपण, मृत्यू, नैसर्गिक आपत्ती. परदेशी सरकारने दार बंद केले, हे कारण सर्वसाधारण पॉलिसीत नसतेच. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी महासाथ असल्याचे सांगितल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीला 'आधीच ठाऊक असलेली घटना' हा आक्षेप घेता येत होता.

या अटी आज उरलेल्या नाहीत. मालदीवने मार्च २०२२ मध्ये लस घेतलेल्यांसाठी चाचणी बंद केली आणि त्याच महिन्यात आरोग्य आणीबाणी मागे घेतली. भारतात 'एअर सुविधा'चे अर्ज नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबले. पण त्यानंतर अवघ्या महिन्याभरात चीनमधील उद्रेकामुळे चाचण्या परत आल्या. १ जानेवारी २०२३ पासून चीन, जपान, सिंगापूर, थायलंड अशा सहा ठिकाणांहून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर पुन्हा सक्तीची झाली आणि फेब्रुवारीत ती उठली. नियम परत यायला किती कमी वेळ लागतो, याचा हा ताजाच पुरावा.

म्हणून पुढच्या सुट्टीसाठी पॉलिसी घेताना वरचा मोठा आकडा क्षणभर बाजूला ठेवावा आणि व्याख्यांचे पान उघडावे. 'रुग्णालयात दाखल होणे' याची व्याख्या काय, त्यात किमान २४ तासांची अट आहे का, सरकारी आदेशाने झालेले विलगीकरण कुठे शब्दाने आले आहे का, मुदत संपल्यावर अडकून पडल्यास पॉलिसी आपोआप वाढते का आणि किती दिवस, हे पाहावे. भारत सरकारने एखाद्या देशात न जाण्याची सूचना काढली असताना गेल्यास संरक्षण राहते का, हेही विचारावे. दाव्यातून आधी वजा होणारी रक्कम किती, हे एजंट क्वचितच आपणहून सांगतो. उत्तर फोनवर न घेता ईमेलवर घ्यावे. एजंटने 'सगळे कव्हर आहे हो' असे म्हटले, तर ते कोणत्या कलमात लिहिले आहे तेवढा क्रमांक मागावा.