साहेब नसलेलं जगाचं हवामान खातं

२६ सप्टेंबर २०२१. बंगालच्या उपसागरातलं एक चक्रीवादळ संध्याकाळी आंध्रच्या उत्तर टोकाला, कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढलं. नाव गुलाब. हे नाव पाकिस्ताननं सुचवलेलं. जमिनीवर आल्यावर वाऱ्याचा जोर ओसरला, पण पोटातलं पाणी तसंच होतं. ते घेऊन गुलाब तेलंगणातून मराठवाड्यावर आलं आणि असं कोसळलं की मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच बुडालं. पुढे गुजरातवरून त्याचे अवशेष अरबी समुद्रात उतरले, गरम पाण्यावर पुन्हा बळावले आणि नवं वादळ उभं राहिलं. नाव शाहीन. हे कतारनं दिलेलं. ३ ऑक्टोबरला शाहीन ओमानवर जाऊन आदळलं.

या प्रवासाकडे जरा पुन्हा बघा. पाकिस्तानी नाव, तेलुगू किनारा, मराठवाड्यातली शेतं, कतारी नाव, ओमानचा किनारा. आठवडाभरात वादळ उपखंड ओलांडून गेलं, आणि एवढ्या वाटचालीत ते कुणाच्या नजरेतून निसटलं नाही. दिल्लीतून निघणारी तीच पत्रकं ढाक्याला जात होती, कराचीला जात होती, मस्कतलाही जात होती. एरवी एकमेकांशी धड न बोलणारे देश हे सगळं कुणाच्या हुकमावरून करतात?

कुणाच्याच नाही! जगातली जवळजवळ सगळी सरकारी हवामान खाती एका जाळ्यात बांधलेली आहेत. या जाळ्याला साहेब नाही, पोलीस नाही, दंड नाही. तरी ते रोज चालतं.

त्याची नाडी बघायची तर पहाटे साडेपाचच्या सुमाराला आभाळाकडे बघा. सांताक्रूझ, नागपूर, पणजी अशा ठिकाणांहून माणसापेक्षा उंच, हायड्रोजन भरलेले फुगे वर सुटलेले असतात. खाली दोरीला एक हलकी डबी. ती वर जाता जाता तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब रेडिओनं खाली कळवत राहते. तीसेक किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ होते की फुगा फुगत फुगत शेवटी फुटतो. आणि आपल्याकडे साडेपाच म्हणजे ग्रीनिचचे शून्य. त्याच घटकेसाठी जपानमध्ये सकाळी नऊला, मॉस्कोजवळ पहाटे तीनला, इंग्लंडात मध्यरात्री असेच फुगे वर गेलेले असतात. बारा तासांनी पुन्हा. साऱ्या पृथ्वीवरची शेकडो केंद्रं एकाच क्षणाची हवा मोजतात, म्हणून त्या क्षणाचं पृथ्वीभरच्या वातावरणाचं एकच चित्र जुळवता येतं. प्रत्येकानं आपापल्या सोयीच्या वेळी मोजलं असतं, तर हाती नुसती आकड्यांची रास उरली असती.

आणि ही सगळी केंद्रं बोलतात कुठल्या भाषेत? आकड्यांच्या. कुलाब्याचा क्रमांक ४३०५७, पुण्याचा ४३०६३. नागपूरचा मात्र ४२८६७, कारण भारताला ४२ आणि ४३ असे दोन गट मिळालेत आणि त्यांच्या मधली रेघ महाराष्ट्रातून जाते. संदेशात १०२८४ असं आलं, तर पहिला १ सांगतो की हे तापमान आहे, पुढचा ० सांगतो की शून्याच्या वर आहे, उरलेलं २८४ म्हणजे २८.४ अंश. सायबेरियातल्या केंद्रानं ११०५२ पाठवलं की शून्याखाली ५.२. एक अक्षरही न वापरता! मंगोलियातल्या माणसाची नोंद ब्राझीलमधला माणूस भाषांतराशिवाय वाचतो. आता बहुतेक नोंदी संगणकाच्या साच्यातून जातात, पण त्या साच्याआधी कित्येक पिढ्यांनी जग असं पाच-पाच आकड्यांत वाचलं.

हे आपोआप जमलेलं नाही. १८५३ साली ब्रसेल्समध्ये दर्यावर्दी देशांची माणसं जमली आणि जहाजांवरच्या नोंदी एका पद्धतीनं ठेवायचं ठरलं. १८७३ साली व्हिएन्नात निरनिराळ्या देशांच्या वेधशाळांचे प्रमुख भेटले आणि त्यातून एक आंतरराष्ट्रीय संघटना आकाराला आली. गंमत अशी, की ती सरकारांची नव्हतीच. खात्यांचे प्रमुख एकमेकांना पत्रं लिहीत, बैठका घेत, ठराव करत. ठराव पाळायची सक्ती कुणावरच नव्हती. तरी बरेचसे पाळले जात. मग महायुद्ध आलं आणि हवामान हे लष्करी गुपित झालं. युद्धानंतर, १९४७ साली, वॉशिंग्टनमध्ये रीतसर करार झाला. तो २३ मार्च १९५० ला लागू झाला आणि जागतिक हवामान संघटना उभी राहिली. आज तिचे १९३ सदस्य आहेत. दर चार वर्षांनी सगळे जमतात. अमेरिकेला एक मत, मालदीवलाही एकच. आणि बहुतेक देशांच्या वतीनं तिथं बसतो त्या देशाच्या हवामान खात्याचा प्रमुख, म्हणजे ज्याला परत जाऊन तो नियम स्वतःच अमलात आणायचा आहे तो माणूस. मला वाटतं, या जाळ्याच्या टिकाऊपणाचं निम्मं रहस्य इथंच आहे.

उरलेलं निम्मं हवेतच आहे. आपली भिशी असते ना, तसंच हे: प्रत्येकानं आपला वाटा टाकायचा. पण भिशीत दर खेपेला एकालाच रक्कम मिळते. इथं प्रत्येकाला, प्रत्येक खेपेला, सगळीच्या सगळी रक्कम मिळते. कोकणात पाऊस कधी आणि किती येणार हे कळायला मॉरिशसच्या आसपासच्या समुद्रावरचा हवेचा दाब लागतो, केनिया-सोमालियाच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या वाऱ्याचा वेग लागतो. आपलं हवामान खातं कितीही हुशार असलं तरी तिथं जाऊन मोजू शकत नाही. तीनचार दिवसांपलीकडचं बोलायचं, तर जवळजवळ सगळी पृथ्वी लागते.

म्हणून तर शीतयुद्धातही हे तुटलं नाही. १९६१ साली केनेडींनी संयुक्त राष्ट्रांत हवामानाच्या कामात सगळ्या देशांनी एकत्र यावं, असं आवाहन केलं. १९६२ साली अमेरिकेचे हॅरी वेक्सलर आणि सोव्हिएत संघाचे व्हिक्टर बुगाएव या दोघांनी एकत्र बसून जगाच्या हवामान-पहाऱ्याचा आराखडा लिहिला. तेच ते वर्ष, ज्याच्या ऑक्टोबरमध्ये क्यूबावरून अणुयुद्ध पेटायची वेळ आली होती! १९६३ साली योजना मंजूर झाली. जागतिक केंद्रं तीन ठरली: वॉशिंग्टन, मॉस्को आणि दक्षिण गोलार्धासाठी मेलबर्न.

आपल्या अंगणातलं उदाहरण तर याहून विलक्षण आहे. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानावर भोला चक्रीवादळ आलं आणि लाखो माणसं गेली. त्यानंतर १९७२ साली बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांवरच्या वादळांसाठी देशांची एक समिती स्थापन झाली. आज तिच्यात तेरा देश आहेत. वादळांवर नजर ठेवणारं प्रादेशिक केंद्र दिल्लीत, आणि समितीचं कार्यालय कित्येक वर्षं इस्लामाबादेत! दोन्ही देशांचे राजदूत परत बोलावले गेले, सीमा बंद झाल्या, तरी वादळाचं पत्रक थांबलं नाही.

वादळांना नावं द्यायचं २००० साली मस्कतच्या बैठकीत मान्य झालं आणि २००४ पासून सुरू झालं. सध्याची यादी २०२० ची. तेरा देशांची तेरा-तेरा नावं, एकूण १६९. देशांचा क्रम इंग्रजी वर्णमालेप्रमाणे, म्हणजे मोठा-लहान हा वादच नाही. नाव छोटं हवं, उच्चारायला सोपं हवं, कुणाच्या धर्माला वा राजकारणाला खुपणारं नको, आणि एकदा वापरलं की पुन्हा नाही. पहिलं नाव बांगलादेशचं: निसर्ग. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या करून गेलं.

यातली एक मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. दिल्लीचं केंद्र वादळ कुठे आहे, कुठे जाईल, किती जोराचं असेल ते सगळ्यांना सांगतं. पण ओमानच्या लोकांना घरं सोडा म्हणून ते सांगत नाही. तो इशारा ओमानचंच खातं देतं. माहिती सगळ्यांची, माणसं ज्याची त्याची.

भांडणं होत नाहीत असं नाही. नव्वदच्या दशकात काही युरोपीय खात्यांना आपली माहिती विकायची होती. घासाघीस होऊन १९९५ साली तोडगा निघाला: जीव आणि मालमत्ता वाचवायला लागणारी मूलभूत माहिती सगळ्यांना फुकट, बाकीच्यावर अटी घालता येतील. २०२१ साली हा नियम आणखी व्यापक झाला. त्याच सुमाराला दुसराही एक हिशेब मांडला गेला. जमिनीवर साधारण दर दोनशे किलोमीटरला एक केंद्र हवं आणि त्यानं तासातासाला नोंद द्यावी. फुग्यांसाठी हेच अंतर पाचशे किलोमीटर. नकाशावर हे मांडून पाहिलं तर आफ्रिकेत आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर मोठी भोकं दिसली. तिथल्या सरकारांकडे रोज दोन फुगे सोडायला पैसे नाहीत. मग एक निधी उभारला गेला, आणि आता परक्या देशातल्या केंद्राचा, डबीचा, फुग्याचा खर्च श्रीमंत देश उचलू लागले आहेत, कारण तिथली नोंद आली नाही तर त्यांचा स्वतःचा अंदाजही चुकतो.