हेस्टिंग्सवरील खटल्यांतील नजराण्याचें कलम व मराठी मोहिमेचा पैसा

वॉरन हेस्टिंग्स याजवर इंग्लंडच्या पार्लमेंटांत चाललेल्या खटल्याची हकीकत आपल्याकडील शालेय पुस्तकांत चार ओळींत उरकलेली असते. बर्क व शेरिडन यांचीं भाषणें, नंदकुमाराची फांशी, अयोध्येच्या बेगमा आणि अखेरची निर्दोष सुटका, एवढें सांगितलें कीं धडा संपला. आम्हींही वर्गांत हा धडा वर्षानुवर्षें असाच शिकविला, हें येथें कबूल केलें पाहिजे. परंतु ह्या खटल्यांत नजराण्याचें, म्हणजे स्पष्टच बोलावयाचें तर लांचेचें, जें कलम होतें त्यांतील दोन रकमांचा खर्च मराठ्यांच्या पायीं झालेला आहे. एक रक्कम महादजी शिंद्यांच्या मुलखावर जाणाऱ्या फौजेस लागली. दुसरी कटकप्रांतीं उतरलेल्या नागपूरकर भोंसल्यांच्या फौजेस मिळाली. ह्या दोन रकमांचे कागद कसे तयार झाले, त्यांवर तारखा कशा पडल्या व पार्लमेंटांत त्यांचा अर्थ कसा लाविला गेला, हें जुन्या कागदांच्या संग्राहकांनीं ध्यानीं घेण्याजोगें असल्यामुळें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रथम कायद्याची स्थिति सांगितली पाहिजे. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टानें गव्हर्नर जनरल, त्याचे कौन्सिलदार व सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश यांस कोणाहि एतद्देशीयाकडून नजर अगर देणगी घेण्याची मनाई केली. तिचा अंमल १ ऑगस्ट १७७४ पासून सुरू झाला. मनाईच्या बदल्यांत वेतनें भरपूर ठेविलीं होतीं. गव्हर्नर जनरलास सालीना २५,००० पौंड व कौन्सिलदारास १०,००० पौंड. त्याच कायद्यांत असेंहि एक वाक्य होतें कीं, मनाई मोडून कोणीं कांहीं घेतल्यास तें कंपनीच्या उपयोगासाठीं घेतलें असें समजावें. चोरीचा माल धन्याचा समजावा, एवढाच ह्या वाक्याचा हेतु. पण पुढें बचावाची सारी इमारत ह्याच वाक्यावर उभी राहिली.

आपल्या जुन्या दफ्तरांत ह्या विषयाचे शब्द बरेच नेमके आहेत. नजर व नजराणा उघड, दरबारखर्च अर्धा उघड, आणि अंतस्थ सर्वस्वीं गुप्त. एल्फिन्स्टननें पेशव्यांच्या मुलखासंबंधीं केलेल्या रिपोर्टांत ‘अंतस्थ’ हा शब्द मुद्दाम नोंदला आहे. इंग्रजी कायद्यानें हे तिन्ही प्रकार एकाच मनाईखालीं आणिले. हेस्टिंग्सचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आपण घेतलें तें अंतस्थ असलें तरी पोहोंचलें सरकारच्या घरीं.

आतां १७८० सालीं येऊं. वडगांवच्या फजितीनंतर लढाई चालूच होती, आणि नाना फडनवीस, निजाम, हैदर व नागपूरकर यांची चौकडी इंग्रजांविरुद्ध जमली होती. महादजीस गुजराथेंतून मागें ओढावें म्हणून मेजर कॅमॅक याची तुकडी माळव्याच्या बाजूस धाडावी असा हेस्टिंग्सचा बेत होता. कौन्सिलांत फ्रॅन्सिस व व्हीलर यांनीं खर्चाच्या सबबीवर हरकत घेतली. तेव्हां २६ जून १७८० रोजीं हेस्टिंग्सनें कौन्सिलापुढें असा टिपणलेख ठेविला कीं, ह्या तुकडीचा जादा खर्च मी माझ्या पदरचा देतों. रक्कम बहुतेक खजिन्यांत भरलीहि आहे. रक्कम सुमारें दोन लाख रुपये. टिपण वाचणाऱ्यास गव्हर्नर जनरलच्या औदार्याचें कौतुकच वाटावें.

हा पैसा पदरचा नव्हता. काशीचा राजा चेतसिंग याचा बक्षी सदानंद त्याच महिन्यांत कलकत्त्यास आला होता. १७७८ पासून चेतसिंगाकडून युद्धखर्चाप्रीत्यर्थ दरसाल पांच लाखांची जादा मागणी होत होती; ती सुटावी हा त्याच्या येण्याचा हेतु. त्यानें दोन लाख पुढें केले. हेस्टिंग्सनें प्रथम नाकारले व मागाहून घेतले. सदानंदाच्या धन्यास मात्र सूट मिळाली नाहीं. पांच लाख पुन्हा मागितले गेले, वर स्वारांची मागणी आली, आणि दुसऱ्याच वर्षीं पन्नास लाखांच्या दंडाचा बेत व काशीचा उठाव हीं प्रकरणें झालीं. (त्या उठावांत हेस्टिंग्स चुनारास पळाला तेव्हां नागपूरकरांचे वकील बेणीराम पंडित व त्यांचे बंधु विश्वंभर पंडित यांनीं काशींतील आपला एक लाख रुपया त्याच्या हवालीं केला. ज्या दरबाराच्या फौजेस त्यानें पैसा पुरविला, त्याच दरबारच्या वकिलानें त्यास अडचणींत हात द्यावा, हें त्या काळच्या राजकारणाचें चमत्कारिक अंग आहे.) लांच घेऊन काम न करणें हा गुन्हा कमी कीं अधिक, यावर पार्लमेंटांत पुष्कळ वाद झाला. बर्कच्या मतें अधिक. आमच्याहि मतें अधिकच.

दुसरी रक्कम तीन लाखांची. मुधोजी भोंसल्यांनीं चौकडीच्या करारास जागल्याचें दाखविण्यासाठीं पुत्र चिमणाजी यांस सुमारें तीस हजार स्वारांनिशीं बंगालच्या रोंखानें पाठविलें होतें. फौज कटकप्रांतीं येऊन राहिली, पगार थकला, आणि ती बंगाल्यांत शिरूं नये म्हणून हेस्टिंग्सनें त्याच साली गुपचूप तीन लाख रुपये पोंचविले. नागपूरकरांच्या दृष्टीनें बंगालची चौथाई ही १७५१ च्या अलीवर्दीखानाबरोबरच्या तहान्वयें दरसाल बारा लाख येणें होती आणि इंग्रजांनीं ती बुडविली होती. तेव्हां एकच पैसा नागपुरास हक्काच्या थकबाकीपैकीं वसूल वाटणार, तर कलकत्त्यास ती केवळ शत्रूची समजूत. चौथाईचा हक्क मान्य झाला असें दिसूं नये, हीच हेस्टिंग्सची काळजी.

येथपर्यंतची गोष्ट राजकारणाची झाली. कागदांची गोष्ट येथून पुढें आहे व ती अधिक बोधक आहे. २९ नोव्हेंबर १७८० रोजीं हेस्टिंग्सनें डायरेक्टरांस पत्र लिहून कळविलें कीं, कॅमॅकच्या तुकडीसाठीं दिलेला पैसा माझा नव्हता. कोणाचा, तें नांव पत्रांत नाहीं. भोंसल्यांच्या फौजेस दिलेल्या तीन लाखांपैकीं दोन हिस्से आपल्या पतीवर उभे केले व एक हिस्सा आपल्यापाशीं असलेल्या कंपनीच्या पैशांतून दिला, असेंहि त्यांत आहे. पण १७८१ च्या जानेवारींत त्यानेंच कौन्सिलाकडून साऱ्या तीन लाखांचे रोखे स्वतःच्या नांवें मागून घेतले, म्हणजे कंपनी आपली ऋणको झाली असें दाखविलें. नोव्हेंबरांत जो हिस्सा कंपनीचा, तोच जानेवारींत कंपनीवर कर्ज! पुढें ह्या रोख्यांपैकीं कांहींवर आपला हक्क नाहीं असेंहि त्यानेंच जाहीर केलें. अशा परस्परविरुद्ध नोंदी एखाद्या कुळकर्ण्याच्या दफ्तरांत सांपडल्या असत्या तर त्याची वृत्ति जप्त झाली असती.

ह्याहून महत्त्वाचें पत्र २२ मे १७८२ तारखेचें. त्यांत निरनिराळ्या गुप्त रकमांचा हिशेब आहे. तारीख मे महिन्याची, पण पत्र कलकत्त्याहून निघालें १६ डिसेंबर १७८२ रोजीं. मधल्या काळाविषयीं खुलासा असा कीं, ज्या जहाजानें तें जावयाचें तें लांबत गेलें. सोबत लार्किन्स नांवाच्या हिशेबनिसाचें शपथपत्र जोडलें होतें कीं, पत्र खरोखर मे महिन्यांतच लिहून बंद केलेलें आहे. इकडे विलायतेंत त्याच १७८२ च्या मे महिन्यांत कॉमन्स सभेनें हेस्टिंग्स व मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी यांस परत बोलाविण्याचा ठराव केला होता. समुद्रमार्गें बातमी पोंचण्यास महिनेच्या महिने लागत. तेव्हां पत्र चौकशीच्या धास्तीपूर्वीं लिहिलें कीं नंतर, हाच सारा प्रश्न. मधल्या सहा महिन्यांत दुसरीं जहाजें गेलींच नव्हतीं काय, असें बर्कनें विचारलें. पत्र मागाहून रचलें असें म्हणण्यास आमच्यापाशीं पुरावा नाहीं. लार्किन्सची शपथ खोटी ठरलेली नाहीं. परंतु आपल्याच पत्राच्या तारखेस साक्षीदार जोडण्याची गरज लिहिणाऱ्यास वाटावी, एवढ्यावरून त्याच्या मनांतील शंका कळून येते.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या अध्यक्षप्रचार अधिकरणांत सरकारी द्रव्य हरण करण्याचे चाळीस प्रकार मोजले आहेत. त्यांतील पहिला प्रकार, आधीं हातीं आलेली रक्कम मागाहून जमेस धरणें. दुसरा त्याच्या उलट. चाळिसांत अग्रस्थान तारखेच्या फिरवाफिरवीस दिलें आहे, हें त्या ग्रंथकाराच्या अनुभवाचें द्योतक होय. हेस्टिंग्सनें पैसा खिशांत घातला असें ह्यावरून ठरत नाहीं. पण धन्यास हिशेब कळण्याची वेळ त्यानें आपल्या मर्जीवर ठेविली, एवढें निर्विवाद आहे. विलायतेस परतल्यावर ११ जुलै १७८५ रोजीं चेल्टनहॅमहून लिहिलेल्या पत्रांत, असें आपण कां केलें हें नीटसें आठवत नाहीं, अशा अर्थाचा खुलासा त्यानें केला आहे. ज्यास काशी, अयोध्या व पुणें येथील राजकारणांचे बारकावे मुखोद्गत होते त्यास एवढेंच आठवूं नये! शेवटीं लार्किन्सनेंच १७८६ त आणखी खुलासा पाठविला. दिनाजपूर, पाटणा व नदिया येथून आलेल्या रकमांचा तो तपशील फारसी व बंगाली कागदांवरून तयार केलेला होता. पांच सहा वर्षें गव्हर्नर जनरलच्या मोठमोठ्या रकमांचा आधार काय, तर अशीं चिटोरीं.

पार्लमेंटांतील वादाचा आतां विचार करूं. १७८६ त बर्कनें दाखल केलेल्या २२ कलमांत मराठ्यांशीं झालेलें युद्ध व तह यांविषयीं एक स्वतंत्र कलम होतें. तें टिकलें असतें तर रघुनाथरावांच्या प्रकरणापासून सालबाईपर्यंतचा सारा पट लॉर्डांच्या सभेपुढें उलगडला असता. पण १७९१ त खटला आटोपशीर करतांना काशी, बेगमा, नजराणे व मक्ते एवढींच कलमें चालविण्याचें ठरलें. संशोधकांचें त्यांत नुकसान झालें. खटल्यास वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें १३ फेब्रुवारी १७८८ रोजीं आरंभ झाला. नजराण्याच्या कलमावर बर्क २१ एप्रिल १७८९ पासून बोलूं लागला, आणि पहिल्याच दिवशीं नंदकुमाराचा खून हेस्टिंग्सनें इंपीच्या हातून करविला असें बोलून बसला. नंदकुमारानें १७७५ त हेस्टिंग्सवर ३,५४,१०५ रुपये घेतल्याचा आरोप केला होता व त्याच सालीं ५ ऑगस्ट रोजीं तो खोट्या दस्तऐवजाच्या गुन्ह्याबद्दल फांशीं गेला, हें खरें. परंतु खुनाचा आरोप कलमांत नव्हता, म्हणून खुद्द कॉमन्स सभेनेंच ४ मे रोजीं आपल्या ह्या प्रतिनिधीचा निषेध केला. आवेशापायीं कागदांचें बळ वायां घालविण्याचें हें ठळक उदाहरण होय.

वादाचा गाभा असा. बचावपक्ष म्हणे: गुप्त ठेविलें कारण कौन्सिलांत वैरी बसले होते, पैसा गेला तो युद्धास, आणि ग्वाल्हेर हातीं आलें, महादजी तहास वळला, भोंसले कटकेहून परत गेले, शिवाय कायद्याप्रमाणेंच घेतलेला पैसा कंपनीचा समजावयाचा, मग कंपनीसाठीं घेतला यांत अपराध कोणता? बर्कचें उत्तर: मग मनाईच उरत नाहीं. प्रत्येक लांचखाऊ पकडला जाईपर्यंत पैसा आपला ठेवील व पकडला गेल्यावर सरकारचा म्हणेल. आणि देणाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर तो आपलें काम व्हावें म्हणून देतो, कंपनीचा खजिना भरावा म्हणून नव्हे. १७८४ च्या पिटच्या कायद्यानें असें घेणें जुलमाची वसुली ठरविली तेव्हां ती पळवाट बुजली. पण १७८० च्या कृत्यास तो कायदा लागू नव्हता.

२३ एप्रिल १७९५ रोजीं निकाल लागला. सात वर्षांत पुष्कळ लॉर्ड मरण पावले होते, कांहीं कंटाळले होते. मत देण्यास २९ जण उरले. नजराण्यासह सर्व कलमांवर मोठ्या बहुमतानें हेस्टिंग्स सुटला. त्यास बचावाचा खर्च ७१,०८० पौंड आला व पुढें कंपनीनें सालीना ४,००० पौंडांचें वेतन त्यास लावून दिलें. दोन लाखांपलीकडील त्याची कमाई पाहूं गेल्यास तो फार श्रीमंत होऊन गेला नाहीं हें आम्हांसहि मान्य आहे. पण न्यायसभेपुढें असलेला प्रश्न तो नव्हता.

राहतां राहिली नागपूरची बाजू. कलकत्त्याचे व लंडनचे कागद छापले गेले. त्या तीन लाखांची जमा मात्र मराठी कागदांवरून तपासली पाहिजे. शके १७०२ शार्वरी, सुहूर सन इहिदे समानीन मया व अलफ ह्या सालचे नागपूरकरांच्या फौजेचे ताळेबंद, रोजकीर्दी, अथवा बेणीराम पंडित व दिवाकरपंत यांच्या पत्रव्यवहारांतील यादी ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं पुढील तीन गोष्टी पाहाव्या: रक्कम पुरी तीन लाख आहे कीं वाटेंत कमी झाली, ती चौथाईच्या सदराखालीं आहे कीं नजर, कर्ज अगर अंतस्थ म्हणून, आणि जमेची तिथि कोणती. हेस्टिंग्सच्या रोख्यांवरील तारखांशीं ती तिथि ताडून पाहतां येईल. मोडी लिहिणाऱ्या त्या कारकुनास बर्क अथवा लार्किन्स यांची गांठ पडावयाची नव्हती, व तारीख फिरविण्यांत त्याचा कांहीं लाभहि नव्हता.