‘इंज्युरी’ म्हणजे जखमच का?

खेळाडूला ‘इंज्युरी’ झाल्याची बातमी आली की त्याचा खांदा नाहीतर गुडघा दुखावलेला असतो. त्यामुळे इंज्युरी म्हणजे शरीराची दुखापत आणि ‘हर्ट’ होणं म्हणजे मन दुखावणं, अशी वाटणी मराठी बोलण्यात पक्की झाली आहे. कायद्यात ती जवळजवळ उलटी आहे. इंज्युरीचा उगम शरीरात नाही, न्यायात आहे: लॅटिनमध्ये ‘युस’ म्हणजे हक्क, कायदा, त्याला नकाराचा ‘इन’ लागून ‘इन्युरिया’ झालं, म्हणजे अन्याय. (आपल्या ‘इजा’शी तिचं काही नातं नाही, तो शब्द अरबीतून आलेला.) १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ४४ मध्ये हाच व्यापक अर्थ धरला. कोणाच्याही शरीराला, मनाला, लौकिकाला किंवा मालमत्तेला बेकायदेशीरपणे पोहोचवलेली कोणतीही हानी, ती इंज्युरी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, कलम २(१४) मध्ये, व्याख्या तीच आहे. उलट ‘हर्ट’ म्हणजे शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता. टोचून बोलल्याने मन कितीही दुखलं, तरी तेवढ्याने हा गुन्हा होत नाही.

जखमेच्या आकाराबद्दलही असाच घोळ आहे. रक्त फार गेलं, टाके बरेच पडले म्हणजे ‘जबर दुखापत’, असं लोक धरून चालतात. कायदा मोजतो वेगळं. न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये जबर दुखापतीचे आठ प्रकार ठरवून दिले आहेत आणि हाड किंवा दात मोडणं, निखळणं हा त्यातला एक. म्हणजे ठोशाने एक दात पडला, तरी ती जबर दुखापत. हातावरचा लांब पण वरवरचा वार, जिवाला धोका न करता भरून आला, तर बहुधा साधी. तीव्र वेदनांची किंवा रोजचे व्यवहार थांबण्याची मुदतही तिथे आहे: पूर्वी वीस दिवस, आता पंधरा. जखमी माणसाच्या घरच्यांना हे ठाऊक असायला हवं, कारण कलम कोणतं लागणार हे यावरूनच ठरतं.

यावर कोणी म्हणेल, की व्युत्पत्ती घेऊन काय करायचं? शब्दाचा अर्थ वापराने ठरतो आणि डॉक्टर जखमेलाच इंज्युरी म्हणतात. हे खरं आहे, आणि दवाखान्यात तो अर्थ बरोबरच आहे. पण कोर्टात व्याख्या बांधील असते, आणि तिथे ‘डॅमेज’ म्हणजे नुकसान व इंज्युरी म्हणजे हक्कभंग, हा फरक निकाल फिरवतो. १४१० मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टरला एका शिक्षकाने शेजारी नवी शाळा काढली. जुन्या शाळेला फी ४० पेन्सवरून १२ पेन्सपर्यंत उतरवावी लागली. नुकसान उघड होतं, तरी दावा टिकला नाही, कारण शाळा काढून त्याने कोणाचा हक्क मोडला नव्हता. १७०३ च्या ॲशबी विरुद्ध व्हाइट खटल्यात नेमकं याच्या विरुद्ध घडलं. मतदाराला मत देऊ दिलं नाही. त्याचे उमेदवार तरीही निवडून आले. पैचंही नुकसान नव्हतं, पण हक्क हिरावला होता, म्हणून शेवटी निकाल त्याच्या बाजूने लागला.

‘डॅमेजेस’ हे तर डॅमेजचं अनेकवचन मुळीच नव्हे. ती भरपाईची रक्कम. आणि ती मागायला पावत्यांची चळत असलीच पाहिजे, हाही गैरसमज. जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना १९८५ मध्ये विधानसभेच्या अधिवेशनाला जाताना अटक झाली आणि बेकायदा डांबून ठेवलं गेलं. त्यांना वस्तू गमावल्याचा किंवा खर्चाचा हिशेब मांडण्याची गरजच पडली नाही. स्वातंत्र्य हिरावलं गेलं, एवढ्यावर सर्वोच्च न्यायालयाने सरकारला ५०,००० रुपये द्यायला लावले.